झारीचं पुण्य

सुवार्ता रणभिसेने बायजाक्कांचा हात हातात घेतला आणि उजेडात उलटसुलट करून पाहिला. शीर म्हणून नावाला नव्हती. सुरकुतलेल्या कातडीखाली दोन-चार निळसर धागे दिसत होते, तेही बोट लावलं की बाजूला सरकत होते. या बाईंना डाय घालून सीटी स्कॅन करायचा होता, आणि समोरच्या पडद्यावर 'तराजू'ने आपला हुकूम सोडला होता : पिंक.

"जावेद, याचं डोकं फिरलंय का रे? या हातात पिंक लावू? फुटेल ना शीर!"

काचेपलीकडे बसलेला सीटीचा टेक्निशियन जावेद मुजावर माइकवरून म्हणाला, "त्याला डोकं कुठाय सिस्टर? चिठ्ठी निघाली ती निघाली. तुम्ही लावा, मी पंप तयार करतो."

आता ही पिंक म्हणजे काय आणि चिठ्ठी कसली, ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

हाताला सलाईन लावतात तेव्हा सुई आतच राहते, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. सुई शिरेत वाट करून देते आणि बाहेर येते. मागे राहते ती एक मऊ, बारीक नळी. तिला कॅन्युला म्हणतात. जाडीप्रमाणे तिच्या टोपणाचा रंग ठरलेला असतो आणि सिस्टर मंडळी तिला रंगावरूनच हाक मारतात : ग्रीन, पिंक, ब्लू. साधं सलाईन थेंबाथेंबाने जातं, त्याला कुठलीही चालते. सीटीचं तसं नाही. डाय, म्हणजे चित्रात रक्तवाहिन्या उजळवणारं औषध, अंगभर पसरून विरून जायच्या आत चित्र काढायचं असतं, म्हणून पंप तो जोरात ढकलतो. चहाचा कपभर डाय बघता बघता शिरेत जातो. पिंकला तोंड एकच. त्यातून निघालेली धार थेट शिरेच्या भिंतीवर आदळते. तरण्याताठ्या माणसाची शीर ते सोसते. म्हातारी किंवा औषधांनी करपलेली शीर फुटते, डाय कातडीखाली साचतो, हात टम्म सुजतो, आणि चित्र येत नाही ते वेगळंच.

यावर तोडगा म्हणून नवी कॅन्युला निघाली होती. टोकाजवळ तिच्या अंगालाही बारीक भोकं होती, त्यामुळे एक धार न लागता डाय चहूबाजूंनी झिरपत जाई. कमाल तिच्या प्लास्टिकची होती. अंगाच्या उबेने ते मऊ पडे, आणि आतला दाब वाढला की ही भोकं आपोआप रुंदावत. दाब उतरला की पुन्हा मिटत. ना तार, ना बॅटरी. कंपनीने तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मिरजेच्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ते बाजूला सारून तिला झारी म्हणायला सुरुवात केली.

पण झारी महाग होती. खरंच एवढी गुणाची आहे की नुसतंच नव्याचं कौतुक, हे ठरवायचं काम तराजूकडे होतं. पूर्वी असले निर्णय समित्या घेत असत, वर्षानुवर्षं चहा-बिस्किटं खात. त्याला कंटाळून सत्तर-ऐंशी हॉस्पिटलांच्या एका संघाने ही यंत्रणा बसवली. रुग्ण आला की तराजू चिठ्ठी टाकायचा : पिंक की झारी. माणसाला निवडू द्यायचं नाही, कारण माणूस निवडायला बसला की त्याची माया, त्याचा कंटाळा, त्याचे अंदाज, सगळं त्यात उतरतं. मग गुण नळीचा की रुग्णाच्या शिरेचा, ते सांगता येत नाही. प्रत्येक स्कॅनचं काय झालं ते तराजू तिथल्या तिथे मोजायचा, आणि खात्री पटली की स्वतःच परीक्षण बंद करून खरेदीसुद्धा बदलून टाकायचा. मधे माणूस कुठे नाही. सगळ्यांना याचाच मोठा अभिमान.

हे सगळं प्रशिक्षणात समजावलं होतं. सुवार्तेने नीट ऐकलंही होतं. पण प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बायजाक्कांचा हात नव्हता.

तिने पिंकचं पाकीट यंत्रासमोर धरलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मग ते पाकीट तिने तसंच ट्रेमध्ये सरकवलं आणि शेजारचं झारीचं फोडलं.

"झालं व्हय?" स्कॅन उरकल्यावर बायजाक्का म्हणाल्या. "मला कळलंबी न्हाई गं बाई. तुझ्या हाताला गुण हाय."

आता झारीचं एक पाकीट कमी पडणार आणि पिंकचं एक जास्त होणार, हे उघड होतं. पण देवाने तासाभरात सोय केली. कुपवाडकडच्या तालमीतला एक पैलवान आला, आणि त्याच्यासाठी चिठ्ठी निघाली झारीची. त्याच्या हातावर दोरखंडासारख्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"याला पाण्याचा पाइप बसवला तरी चालेल," जावेद माइक बंद करून म्हणाला.

सुवार्तेने झारीचं पाकीट स्कॅन केलं आणि पैलवानाला सकाळी उरलेली पिंक लावून टाकली. पैलवानाला काही झालं नाही. संध्याकाळी पाकिटांचा मेळ बरोबर बसला. कोणाचं काही गेलं नाही आणि एका म्हातारीचा हात वाचला. यात वाईट ते काय? तुम्ही-आम्ही असतो तर दुसरं काय केलं असतं?

सिस्टरांनी या प्रकाराला 'बदली' असं नाव दिलं. शीर बारीक असली की पिंकच्या नावावर झारी, शीर दणकट असली की झारीच्या नावावर पिंक. सुवार्तेने ही युक्ती फोनवरच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या गावांच्या सिस्टरांनाही सांगितली. नांदेडच्या एकीने हात जोडलेलं चित्र पाठवलं. धुळ्याच्या एकीने लिहिलं, आम्ही तर केव्हापासून करतोय हो! आजवर मिरजेच्या विभागात रोज कोणाची ना कोणाची शीर फुटायची, बर्फाच्या पिशव्या शोधत पळावं लागायचं. आता महिना महिना कोणाला काही होईना. विभागप्रमुख डॉक्टर हसबनीस एरवी तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत, पण त्यांनीही एकदा थांबून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही लोकांनी चमत्कार केलाय."

सुवार्ता नुसती हसली. खरं सांगायचं तर तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

तिच्या बदल्यांमध्ये एक हात घरचाही होता. तिची मोठी बहीण, कृपाताई. आई गेली तेव्हा सुवार्ता दुसरीत होती; तिच्या वेण्या घालण्यापासून तिला नर्सिंगला घालण्यापर्यंत सगळं कृपाताईने केलं. स्वतः लग्न केलं नाही. शाळेत मराठी शिकवलं, आणि घरीही आयुष्यभर मराठीच शिकवत राहिली. काही वर्षांपूर्वी तिला छातीचा कॅन्सर झाला. उजव्या बाजूचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्यामुळे त्या हाताला जन्मभर सुई लावायची नव्हती. उरला डावा, तर त्याच्या शिरा केमोने वाळून सुतळी झालेल्या. दर काही महिन्यांनी तपासणीचा सीटी. तराजूने प्रत्येक वेळी तिच्यासाठी पिंकच काढली, आणि सुवार्तेने प्रत्येक वेळी तिला झारीच लावली.

"ही तुमची नवी नळी बरी आहे गं," कृपाताई म्हणायची. "मागच्या वेळी मी मनात अख्खं स्तोत्र म्हणायला घेतलं होतं, दुसऱ्या कडव्यालाच तू म्हणालीस, झालं!"

एका सोमवारी सुवार्ता कामावर आली तर झारीचा खण रिकामा. पाकिटं परत जायला खोक्यात भरलेली होती, खोक्याला सील होतं आणि भांडारवाले ते उचलून नेत होते. पडद्यावर तराजूचा निकाल होता : दोन्ही साधनांत फरक आढळला नाही. स्वस्त साधन पुरेसं आहे. परीक्षण समाप्त.

"फरक नाही?" ती तशीच तरातरा डॉक्टर हसबनीसांच्या खोलीत गेली. "सर, हे आंधळं आहे का? आम्ही रोज डोळ्यांनी बघतोय फरक!"

"मलाही नवल वाटलं," हसबनीस म्हणाले. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "पण आकडे बघा ना. पिंकच्या बाजूला काय कमी कठीण रुग्ण आहेत? ऐंशी वर्षांच्या बायका, डायलिसिसवाले, केमोवाले. आणि फुटलेल्या शिरा जवळजवळ नाहीतच. आजवर आपण पिंकला उगाच नावं ठेवत होतो म्हणायचं. झारीचंही छान आहे, पण पिंकचंही तितकंच छान आहे. दोन्ही पारडी सारखी."

सुवार्ता त्या आकड्यांकडे बघत राहिली. पिंकच्या बाजूच्या त्या सगळ्या म्हाताऱ्या तिला नावानिशी आठवायला लागल्या. बायजाक्का त्यातच होत्या. पिंकच्या नावावर, आणि हातात झारी. जिथे जिथे पिंक हरली असती, तिथे तिथे तिने आणि तिच्यासारख्यांनी गुपचूप झारी पुढे केली होती. झारीचं सगळं पुण्य पिंकच्या पदरात पडलं होतं. आणि ते घालणाऱ्या हातांना झारी जीव की प्राण होती.

"सिस्टर? बरं वाटत नाही का? बसा."

ती बसली आणि तिने सांगून टाकलं. पाकीट एक, नळी दुसरी. मिरजेतच नाही, सगळीकडेच. हसबनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

"मी तुमचं कौतुक केलं होतं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी संघाला कळवलं. बिचाऱ्यांनी हातचं काही राखलं नाही, स्वतःच्या विभागाची अब्रू पणाला लावून सगळं लिहिलं. संघाकडून सभ्य उत्तर आलं. आपलं म्हणणं गंभीर आहे, पण नेमक्या कोणत्या रुग्णांच्या बाबतीत अदलाबदल झाली ते सांगावं, म्हणजे आकडे दुरुस्त करता येतील. आता ते कोण सांगणार? कोणी कुठे लिहून थोडंच ठेवलं होतं! ग्रुपमध्ये सुवार्तेने विचारलं तर एकेकीने ग्रुप सोडला. धुळ्याची म्हणाली, आम्ही तसलं काही कधी केलंच नाही. नोकरीच्या भीतीने बोलली, तिला तरी काय बोल लावायचा? ही माहिती मिळाली नाही तर परीक्षण पहिल्यापासून करावं लागेल, असं संघाने लिहिलं होतं. आणि पहिल्यापासून करायला झारी होती कुठे? निकाल लागला त्याच आठवड्यात कंपनीने कारखान्यात झारी बनवणंच बंद करून टाकलं होतं. जी विकत घेतली जाणार नाही ती बनवायची कशाला?

विभागात पुन्हा बर्फाच्या पिशव्या आल्या. सुवार्ता प्रत्येक हातात पिंक लावी आणि मनात देवाचा धावा करी. कधी देव ऐके, कधी नाही.

अशात कृपाताईच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं आलं. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली. एकच, पण अवघड जागी, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या घोळक्यात. सर्जन म्हणाले, काढता येईल, आणि आत्ता काढली तर बाई बऱ्याही होतील. पण आत शिरण्याआधी मला रक्तवाहिन्यांचा नकाशा हवा. डाय जोरात सोडून काढलेला सीटी. त्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही.

एमआरआय करून झाला. कृपाताईला श्वास धरवेना, चित्र पुसट आलं. गळ्याखाली केमोचं औषध द्यायला पूर्वी बसवलेलं पोर्ट जंतू लागून काढावं लागलं होतं आणि तिथली मोठी शीर गुठळीने बुजली होती. पायांच्या शिरा तर कधीच गेलेल्या. फिरून फिरून गाडी डाव्या हातावर येत होती.

"एक मार्ग आहे," हसबनीस म्हणाले. "कंपनीच्या गोदामात थोडी झारी शिल्लक आहे, मी चौकशी केली. तराजूची खास मंजुरी मिळाली तर ते एखादी सोडतील. ज्यांना पिंक चालतच नाही अशा रुग्णांसाठी तशी तरतूद आहे."

दोघांनी बसून विनंती भरली. वय, आजार, एकच हात, केमो, सगळं. सुवार्तेच्या जिवात जीव आला होता. असल्या रुग्णाला नाही म्हणणार तरी कोण? उत्तर तिथल्या तिथे आलं, तराजूला विचार करायला वेळ लागत नाही :

या रुग्णाला यापूर्वी प्रत्येक तपासणीत पिंक लावलेली असून एकदाही त्रास झालेला नाही. खास साधनाची गरज दिसत नाही. विनंती अमान्य.

सुवार्तेने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, "सर, ती पिंक नव्हती हो. मी लावलीय ना, मला माहीत आहे. मी सांगते ना त्याला!"

"मी पुन्हा लिहितो," हसबनीस म्हणाले, आणि त्यांनी खरंच लिहिलं. संघातल्या ओळखीच्या माणसांना फोन केले. सगळे हळहळले. एक म्हणाला, तुमच्यावर आमचा विश्वास आहे डॉक्टर, पण एका सिस्टरच्या सांगण्यावरून नोंद बदलायची तर उद्या कोणीही काहीही सांगेल. आणि तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. गाठ मात्र यातलं काही ऐकायला थांबलेली नव्हती. सर्जननी विचारलं, सीटी कधी करताय?

त्या सकाळी कृपाताई इस्त्रीची साडी नेसून आली. सोबत एक डबा होता. "तुझा आणि जावेदचा," म्हणाली. "मला उपाशी यायला सांगता आणि स्वतःही उपाशी राहता." सुवार्तेने तिचा हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, खाली लोंबता ठेवला, हळूहळू चोळला. कोपराच्या खाली एक शीर लागली. बरी वाटली. पिंक पहिल्याच प्रयत्नात आत गेली.

"हीच का ती नवी?" कृपाताईने विचारलं.

"नाही ताई. ती आता मिळत नाही."

"असू दे. तू लावलीस ना, मग झालं."

हसबनीस स्वतः पंपापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी वेग जितका कमी करता येईल तितका केला. त्याहून कमी केला असता तर रक्तवाहिन्या उजळल्याच नसत्या. सुवार्ता काचेपलीकडे गेली. जावेद म्हणाला, "बिस्मिल्ला," आणि त्याने बटण दाबलं.

काही क्षण सगळं सुरळीत होतं. पडद्यावर डायची पहिली उजळ रेघ खांद्यापर्यंत आली. सुवार्ता नकळत पुढे झुकली. मग रेघ थबकली, पुसट झाली, आणि आत कृपाताईचं तोंड वेडंवाकडं झालं. "थांबवा!" सुवार्ता ओरडली. जावेदने पंप आधीच थांबवला होता.

ती धावत आत गेली तोवर कोपराखाली लिंबाएवढा फुगवटा आला होता आणि बघता बघता तो मनगटाकडे सरकत होता. कृपाताई ओठ चावून पडली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही. वर्गात मुलींसमोर रडायचं नाही, ही सवय इथेही सुटली नव्हती.

चित्र आलं नाही. सर्जनना फोन गेला. हाताची सूज उतरायला आणि शिरा पुन्हा हाती लागायला बरेच आठवडे जातील, असं हसबनीसांनी सांगितलं. पलीकडून सर्जन म्हणाले, तेवढ्यात गाठ त्या वाहिन्यांना धरेल. मग मी काही करू शकणार नाही. तोवर गोळ्या चालू ठेवू. गोळ्या चालू ठेवू म्हणजे काय, ते सुवार्तेला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाजूच्या खोलीत कृपाताईचा हात उशीवर उंच ठेवला होता आणि सुवार्ता त्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. हसबनीस दारापर्यंत आले, आत न येता परत गेले.

"रडू नकोस," कृपाताई म्हणाली. "माझ्या शिराच तसल्या. तू काय करणार?"

"मीच केलंय ताई हे." मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बायजाक्का, पैलवान, पाकिटं, ग्रुप. कृपाताईच्या नावावर लिहिली गेलेली पिंक आणि तिच्या हातात लावलेली झारी. तराजूचा नकार. कृपाताईने मधे एकदाही टोकलं नाही. मुलगी धडा म्हणून दाखवत असावी तसं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तू काय करायला हवं होतंस?" तिने विचारलं.

"चिठ्ठीत निघेल ती लावायला हवी होती. पिंक तर पिंक."

"त्या म्हाताऱ्यांनाही? फुटेल हे दिसत असताना?"

"हो. त्यांच्या फुटल्या असत्या, पण तराजूला कळलं असतं. मग झारी राहिली असती. सगळ्यांना मिळाली असती. आज तुला मिळाली असती."

कृपाताईने मान वळवली.

"आणि मला? मी आले होते तेव्हा, माझी चिठ्ठी पिंकची निघाली होती तेव्हा? मलाही पिंकच लावली असतीस?"

"हो," सुवार्ता म्हणाली.

कृपाताईच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "तुला ना, लहानपणापासून खोटं बोलता येत नाही बघ," ती म्हणाली.

सुवार्तेने उशी सारखी केली आणि ताईचा सुजलेला हात आणखी थोडा उंच ठेवला.